वहिनीची चेन

गुरुवार, ३ नोव्हेंबर

'तुम्हाला आमच्या क्लबात का यायचं आहे?' सायकल क्लबाच्या फॉर्मवर सातव्या क्रमांकाला हा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही. न येणारा प्रश्न कोरा सोडायचा नाही ही परीक्षेची सवय, म्हणून चार ओळी लिहिल्या. स्त्रियांना रस्त्यावर मोकळेपणाने वावरता यावं, शहराची हवा स्वच्छ राहावी, वगैरे. वाचून पाहिलं तर निबंध झाला होता. त्यातलं खोटं काहीच नाही. पण ते उत्तरही नाही.

दुसरा फॉर्म वहिनीचा. तिला न्यायचं हे मीच ठरवलं. दादाच्या लग्नाला तीन वर्षं झाली, तेव्हापासून ती घर आणि लॉन्ड्रीतलं काम एवढंच करते आहे. दहावीनंतर शिकली नाही. मी या घरातली पहिली पदवीधर. मला जे मिळालं त्यातलं थोडं तिच्यापर्यंत पोचवणं माझं कर्तव्य आहे असं मी मानते.

तिला विचारलं तेव्हा ती दादाच्या शर्टाला बटण लावत होती. म्हणाली, "सायकल चालवायला क्लब कशाला लागतो, वन्सं?" या शब्दाने मी चिडते म्हणून ती तो मुद्दाम वापरते. मी तिला समूहाने चालवण्यातली शिस्त, स्वतःसाठी वेळ, आत्मविश्वास हे सगळं समजावलं. तिने दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "बरं. तुम्हाला सोबत हवी असेल तर येते."

सोबत मला नकोच होती. ते तिला कळलं नाही.

फॉर्म मीच भरले. 'सायकल चालवण्याचा अनुभव' या रकान्यात माझ्यासाठी 'मध्यम' लिहिलं, कारण गिअरची नवी सायकल घेऊन दोन महिने झाले. तिच्यासाठी 'नाही'. ती लॉन्ड्रीचे कपडे घरोघर पोचवते सायकलवरून, पण ते काम झालं. फोन नंबर दोन्हींवर माझाच दिला. तिच्या बटणांच्या फोनवर क्लबाचे निरोप येणार नाहीत.

रविवार, ६ नोव्हेंबर

पहिली फेरी झाली. पाय अजून थरथरताहेत, म्हणून आडवी पडून लिहिते आहे.

पाण्याच्या टाकीखाली सकाळी सहाला वीस-बावीस जण जमले होते. क्लबाच्या कप्तान दातांच्या डॉक्टर आहेत. त्यांनी नव्यांना नियम सांगितले. दोन-दोनच्या रांगेत चालवायचं. पुढच्याने खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा, मागच्याने तो आपल्या मागच्याला दाखवायचा, म्हणजे शेवटच्यापर्यंत पोचतो. पहिले काही रविवार नव्यांनी मागच्या गटात राहायचं. आणि काहीही झालं तरी शेपटाच्या मागे कोणी राहायचं नाही.

शेपूट म्हणजे एक घड्याळदुरुस्ती करणारे काका. दुकान मुलाला देऊन आता फक्त सायकल चालवतात. नारिंगी जाकीट, कमरेला हत्यारांची पिशवी. कोणाची चेन पडली, पंक्चर झालं की बाकीचे पुढे जातात आणि काका त्याच्याबरोबर थांबतात. "माझ्या मागे फक्त धूळ," असं त्यांनीच मला सांगितलं.

वहिनी लॉन्ड्रीची सायकल घेऊन आली. काळी, अवजड, मागे पलंगाएवढं कॅरिअर, चेनवर पत्र्याचा बंद डबा. अंगात दादाची जुनी पँट, आणि पाय चेनमध्ये जाऊ नयेत म्हणून घोट्याशी कपडे वाळत घालायचे दोन लाकडी चिमटे. सगळ्यांच्या अंगावर क्लबाचे घट्ट कपडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जलाशयाकडे जाणारा चढ लांब आहे. अर्ध्यावर माझ्या छातीत भाता सुरू झाला आणि नेमकी तेव्हाच वहिनी म्हणाली, "वन्सं, थांबा जरा. चेन पडली." थांबावं लागलं. पुढचे सगळे वळणाआड गेले. काकांनी विचारलं, "मदत करू का?" ती म्हणाली, "नको काका, हिची खोड मला माहीत आहे." सायकलच्या पलीकडे वाकून तिने काहीतरी केलं आणि म्हणाली, "झालं." काका तेवढा वेळ आभाळाकडे बघत होते. मी हात पुसायला रुमाल पुढे केला, तर तिला तो लागला नाही.

त्या एका चढावर तीनदा हेच. पहिल्याच दिवशी आम्ही सगळ्यांच्या मागे, तेही तिच्या डबड्या सायकलपायी. घरी येताना मी म्हटलं, "चेन एकदा नीट करून घे." ती म्हणाली, "घेते."

बुधवार, ९ नोव्हेंबर

प्रयोगशाळेत नळाच्या पाण्याच्या अकरा बाटल्या. पाणी तपासताना थेंब मोजून टाकायचे आणि रंग बदलला की थांबायचं. मला हे काम आवडतं. माणसांचा रंग कधी बदलतो ते मला कळत नाही.

संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता. आई, दादा, वहिनी. वहिनी कोणाची तरी नक्कल करत होती. मी आत गेले आणि आई म्हणाली, "दमलीस का गं? बस हं," आणि सगळे नीट बोलायला लागले. पाहुणी आल्यावर बोलतात तसे. पदवी मिळाल्यापासून माझ्याशी असंच बोलतात. पदवीचं सर्टिफिकेट बाहेरच्या भिंतीवर लावलंय आणि त्याची काच वहिनी रोज पुसते.

रविवार, १३ नोव्हेंबर

आज सपाट रस्त्यावर कप्तान मागच्या गटात येऊन बराच वेळ आमच्याबरोबर चालवत होत्या. मला वाटलं, माझं बघताहेत. मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे कोपर सैल ठेवलं, गिअर हलका ठेवला. नंतर नाश्त्याला थांबलो तेव्हा त्या माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या वहिनीचे पाय बघितलेस?"

"का, काय झालं?"

"काही झालं नाही. तेच तर. त्या सायकलवर कोणाचेही पाय अडखळतील. हिचे घड्याळासारखे फिरतात."

काका म्हणाले, "घड्याळाचं मला सांगू नका. घड्याळं मागे पडतात."

सगळे हसले. वहिनी लाजलीसुद्धा नाही. म्हणाली, "डॉक्टर, रोज चौदा घरं, त्यात टेकडीवरची वसाहत. पाय थांबले तर चादरी खाली येतील, मग परत धुवा."

फॉर्मवर मी 'नाही' लिहिलेलं कप्तानांना आठवलं असेल का? माझं कोपर सैल होतं हे कोणालाच दिसलं नाही.

चढावर चेन दोनदा पडली. नीट करून घेतली नाही अजून. बेफिकीर आहे ती, दुसरं काय.

बुधवार, १६ नोव्हेंबर

क्लबाच्या फोनवरच्या गटात सहा जणांनी घोट्याला लाकडी चिमटे लावल्याचे फोटो टाकले आहेत. 'वहिनी फॅशन' असं लिहिलंय खाली. ती आता सगळ्या क्लबाची वहिनी झाली. मला तिथे 'वहिनीची नणंद' म्हणतात. बावीस माणसांत माझं म्हणून काही असावं यासाठी मी गेले होते, आणि तिला घेऊन गेले. का घेऊन गेले? हाही फॉर्मवरच्या सातव्या प्रश्नासारखाच.

मी फोटो तिला दाखवले नाहीत. तिच्या फोनवर तसेही दिसत नाहीत.

आज थेंब मोजताना चुकले. एक बाटली परत करावी लागली.

रविवार, २० नोव्हेंबर

कप्तान सुरुवातीलाच वहिनीला म्हणाल्या, "आज पुढच्या गटात या तुम्ही." वहिनीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नको डॉक्टर, मी मागेच बरी."

हेच मी म्हणते. संधी समोर आली तरी पाऊल उचलायचं धैर्य नाही. न शिकलेल्या बाईच्या मनात हा न्यूनगंड किती खोल असतो. मला तिची दया आली. खरं सांगायचं तर बरंही वाटलं, पण दया जास्त होती.

चेन तीनदा.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

कप्तानांचा निरोप आला. जसाच्या तसा उतरवते.

'हा निरोप वहिनींना दे. चार डिसेंबरला धरणाची शंभर किलोमीटरची शर्यत आहे. प्रत्येक क्लबातून चार बायकांचा चमू. आमच्या तिघी ठरल्या, चौथी मला त्याच हव्यात. चांगली सायकल कोणाकडून तरी मिळवू. गुरुवारपर्यंत हो की नाही ते कळव.'

मी तो ऑफिसच्या जिन्यात उभं राहून चारदा वाचला. त्यात माझं नाव नाही. मला कोणी काही विचारलेलं नाही. मी फक्त टपाल.

संध्याकाळी सांगणार होते. पण आईचे गुडघे दुखत होते, वहिनी शेक देत होती. तशात कुठे सांगायचं?

गुरुवार, २४ नोव्हेंबर

नीट विचार केला. शंभर किलोमीटर हा पोरखेळ नाही. तिथे बाकीच्या क्लबांतल्या सराव केलेल्या बायका येणार. ही लॉन्ड्रीतली, चिमटे लावून. हसं होईल तिचं. शिवाय रविवारी तिची चौदा घरं असतात, दुपारी ती पोचवते. शिवाय दादाला आवडेल का? शिवाय वारंवार पडणारी ती चेन. तिला जे जमणार नाही त्याची आशा लावणं हा एक प्रकारचा क्रूरपणा आहे. शिकलेल्या माणसाने पुढचं बघायला हवं.

जेवणाच्या सुट्टीत कळवून टाकलं. 'घरच्या अडचणीमुळे वहिनीला जमणार नाही. क्षमस्व.'

अडचण काय म्हणून विचारतील या भीतीने उत्तर तयार ठेवलं होतं. विचारलं नाही. त्यांनी नुसतं 'ठीक' लिहिलं.

संध्याकाळी वहिनीने माझा प्रयोगशाळेतला पांढरा कोट न सांगता धुऊन, कडक इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. मला तिचा राग आला. का ते लिहिता येत नाही.

रविवार, २७ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहिते.

टाकीखाली आम्ही पोचलो तशा कप्तान थेट वहिनीकडे आल्या. "घरची अडचण मिटली का? चार तारखेला तुम्ही असायला हव्या होत्या. शंभर किलोमीटर तुम्हाला सहज जमले असते. आता बँकेतल्या ताईंना घेतलंय."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. फार तर एक क्षण. मग कप्तानांना म्हणाली, "घरातलीच अडचण आहे डॉक्टर. बघते मी."

तेवढंच. वाकून घोट्याचे चिमटे नीट केले.

चढ लागला. माझ्या छातीत भाता सुरू झाला आणि मी सवयीने तिच्या हाकेची वाट बघायला लागले. ती आली नाही. वहिनी सीटवरून उठली, उभी राहून पायडल मारायला लागली, आणि ती काळी अवजड सायकल माझ्यासमोरून, मग मधल्यांना मागे टाकून पुढच्या गटात गेली. एकदाही मागे बघितलं नाही तिने. वळणावर चिमटे दिसले, मग तेही नाहीत.

मी उतरले आणि ढकलत चालायला लागले. काकाही उतरून माझ्या शेजारी चालू लागले. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "आज वहिनीची चेन पडली नाही. बरं झालं."

"तिची चेन कधी पडली होती?"

"दर रविवारी पडते, काका. तुम्ही असता की तिथे."

"अगं, त्या चेनवर डबा आहे. चार स्क्रू. चेन पडली तर आधी तो डबा खोलावा लागतो. स्क्रू-ड्रायव्हर इथे माझ्या पिशवीत. कधी मागितला तिने?"

मी हँडल धरून ढकलत राहिले.

"आणि हात बघितलेस कधी तिचे? चेन चढवून इतके स्वच्छ हात माझे चाळीस वर्षांत राहिले नाहीत."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"शेपटाने काय बोलायचं? तुला दम लागायचा, ती थांबायची. तुम्हा दोघींचं छान चाललं होतं." मग म्हणाले, "आज काय बिनसलं?"

चढ संपेपर्यंत आम्ही चालत गेलो. वरती सगळे थांबले होते आणि कोणीतरी वहिनीला पाण्याची बाटली देत होतं. तिचा चेहरा लाल झाला होता. इतकी खूश मी तिला आमच्या घरात कधी बघितलेली नाही.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

दोन दिवस वहिनी माझ्याशी अगदी नीट बोलते आहे. वन्सं म्हणत नाही. जेवायला वाढते, डबा भरते, "आणखी हवं का?" विचारते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ऑफिस लवकर सोडून कप्तानांच्या दवाखान्यात गेले. तीन जण नंबर लावून बसले होते. माझी पाळी आल्यावर सवयीने खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी सवयीने दिवा तोंडावर घेतला. त्या उजेडातच सांगितलं. वहिनीला निरोप दिला नव्हता. अडचण काही नव्हती. 'नाही' मीच म्हटलं.

त्यांनी दिवा बाजूला केला. "का केलंस?"

"माहीत नाही," असं म्हणणार होते. पण म्हटलं, "ती माझ्यापेक्षा चांगली आहे म्हणून."

"दुखतंय का हे म्हणताना?"

"हो."

"दुखू दे." हातमोजे काढत त्या म्हणाल्या, "बँकेतल्या ताईंनी माझ्या भिडेखातर होकार दिलाय, त्या 'सुटले' म्हणतील. यादी उद्या संध्याकाळी जाते. पण मला तिच्या तोंडून ऐकायचंय. तुझ्या मार्फत आता काही नको."

बुधवार, ३० नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत लॉन्ड्रीत गेले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. आत इतकी वाफ की माझा चष्मा धुरकटला आणि मी आंधळ्यासारखी तिच्यासमोर उभी राहिले. ती उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. मी निरोप, तारीख, माझं उत्तर, सगळं सांगितलं. तिची एकही घडी चुकली नाही.

"मला रविवारीच कळलं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होते. चौथा दिवस आज." ती मला पहिल्यांदाच तू म्हणाली.

"राग आलाय?"

"आलाय ना. रागानेच तर चढ चढले. आणि वर गेल्यावर वाटलं, हे आधीच करायला हवं होतं. उगाच डबा धरून वाकत बसले तीन रविवार."

"का वाकलीस?"

तिने गठ्ठ्याला गाठ मारली. "तुला दम लागतो ना, तेव्हा तुझा चेहरा पदवीच्या निकालाच्या दिवशी होता तसा होतो. तेव्हा तू आतल्या खोलीत कडी लावून बसली होतीस. आई आणि तुझा दादा बाहेर उभे. कोणाला आत यायची हिंमत नव्हती. मी नवीन होते, मला काय कळतंय. मला वाटलं, बाई एवढी एकटी कशी काय बसते?"

मी चष्मा पुसत राहिले.

"आणि दया करू नकोस माझ्यावर," ती म्हणाली. "मला कळतं ते. मी तुझ्या सर्टिफिकेटची काच पुसते ती मला आवडतं म्हणून. कोणी लावून दिलेलं काम नाही ते."

"जायचंय का तुला? चार तारखेला?"

"जायचंय. पण ही सायकल शंभर किलोमीटर ओढणार नाही. डॉक्टर कोणाची तरी मागतील, ते मला आवडत नाही. आणि माझी चौदा घरं कोण करणार?"

लॉन्ड्रीच्या काउंटरवरच्या फोनवरून तिने स्वतः दवाखान्यात फोन लावला. मी शेजारी होते. "डॉक्टर, मी येते." मग तिकडून काहीतरी विचारलं असावं. वहिनी माझ्याकडे बघत म्हणाली, "अडचण ना? ती इथेच उभी आहे. विचारते तिला सायकल देते का."

रविवार, ४ डिसेंबर

दुपारचे तीन. टेकडीवरच्या वसाहतीच्या फाटकाशी, दगडावर बसून लिहिते आहे. तेरा घरं झाली, एक राहिलंय.

पहाटे टाकीखाली वहिनी माझ्या सायकलवर बसली. दादाने तिच्या घोट्याला चिमटे लावले, आणि ते तो इतक्या गंभीरपणे लावत होता की ती म्हणाली, "अहो, लग्नात एवढं लक्ष नव्हतं तुमचं." सगळे हसले. मी तिथेच होते, आणि मी आले म्हणून कोणी गप्प झालं नाही.

मग मी लॉन्ड्रीत जाऊन काळी सायकल आणि दोन गठ्ठे घेतले. ती सायकल वळत नाही, ती विचार करून मग वळते. चौथ्या घरातल्या आजी म्हणाल्या, "आमची नेहमीची कुठे आज?"

"शर्यतीला गेलीय."

"आणि तू कोण?"

एरवी मी प्रयोगशाळा, पाणी, पदवी यांपैकी काहीतरी सांगते. आज म्हटलं, "तिची नणंद."

"मग चादरी दुमडून दे तिच्यासारख्या," आजी म्हणाल्या. दुमडल्या. तिच्यासारख्या झाल्या नाहीत.

टेकडीच्या चढावर अर्ध्यात उतरले. चेन पडली नाही. मी नुसती उतरले, गठ्ठे धरून ढकलत वर आणले आणि कोणालाही काही कारण सांगितलं नाही.

शर्यत संपली असेल आता. फोन आलेला नाही. वाटेत एकदा मनात आलं, ती शेवटची येऊ दे. आलं ते आलं, लिहून ठेवते. नंतर बराच वेळ मी रस्ताभर खड्डे दिसले की हात खाली करून दाखवत होते, मागे कोणी नसताना.

क्लबाचे दोन नवे फॉर्म आणलेत. वहिनीचा कोरा आहे, तो ती भरेल, तिच्या अक्षरात आणि तिच्या नंबरासकट. माझ्या फॉर्मवर 'अनुभव' पुढे 'नवशिकी' लिहिलंय. सातवा प्रश्न या वेळी कोरा सोडला.

सायकलचं मी वहिनीला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, आजच्यापुरती दिली. काल संध्याकाळी काकांचा पाना मागून आणला आणि सीट तिच्या उंचीला वर केली. माझे पाय आता जमिनीला टेकत नाहीत. सीटच्या दांड्यावर माझ्या उंचीची खूण केलेली होती, ती सॅंडपेपरने घासून काढली.